तीन महिन्यांत वायरमन: खऱ्या कागदांनी झालेल्या फसवणुकीचं एक प्रकरण

या प्रकरणात एकही कागद बनावट नव्हता. संस्थेची नोंदणी खरी, आयएसओचं प्रमाणपत्र खरं, आणि मुलाच्या हातात पडलेलं प्रमाणपत्रही संस्थेनं रीतसर छापून, शिक्का मारून दिलेलं. तरीही तीन महिन्यांचा कोर्स करून बाहेर पडलेल्या या मुलाला महाराष्ट्रात कायदेशीरपणे वायरिंगचं काम करता येत नव्हतं आणि महावितरणच्या भरतीचा अर्ज भरता येत नव्हता. त्याहून वाईट म्हणजे आपल्याला काम येतं, असा त्याचा पक्का समज झाला होता.

मी परवानाधारक विद्युत कंत्राटदार आहे. मुलाचं, त्याच्या गावाचं आणि संस्थेचं नाव इथे देत नाही. एका संस्थेला उघडं पाडावं म्हणून हे लिहीत नाही. अशा जाहिराती प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडवर लागलेल्या असतात. त्या नेमक्या कोणत्या जागी फसवतात, हे या एका प्रकरणात फार स्पष्ट दिसतं, म्हणून ते सविस्तर मांडतो.

प्रकरण हाती आलं ते टेस्ट रिपोर्टमुळे

मुलाच्या मामांनी घरावर मजला चढवला. वरच्या मजल्याची वायरिंग भाच्यानं केली. वर भाडेकरू ठेवायचा म्हणून वेगळा मीटर हवा होता आणि महावितरणच्या अर्जाला परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा दाखला, जोडावा लागतो. त्यासाठी मला बोलावणं आलं. असे रिपोर्ट जागेवर न जाता सही करून देणारे लोक आमच्या धंद्यात आहेत, हे मला मान्य करावंच लागेल. या घरात तसं झालं असतं, तर पुढचं काहीच बाहेर आलं नसतं.

काम दिसायला नीटनेटकं होतं. बोर्ड सरळ, पट्ट्या घट्ट, डीबीत, म्हणजे वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीत, तारा गुंडाळून बांधलेल्या. मात्र डीबीत जिथे आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती झाली की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, असायला हवी, तिथे साधा आयसोलेटर, म्हणजे हातानं चालू-बंद करायचा स्विच होता. मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘काका, आरसीसीबी लावली होती, पण सारखी पडायची. दुकानदार म्हणाला पीस खराब असेल. दुसरी आणली, तीही पडायची. मग काढून टाकली.’

आरसीसीबी पडण्याचं कारण शोधायला फार वेळ लागला नाही. वरच्या जिन्यातल्या दिव्याला न्यूट्रल त्यानं खालच्या मजल्याच्या बोर्डातून घेतला होता, कारण तो जवळ पडत होता. आरसीसीबी फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परत येणारा प्रवाह यांची सतत तुलना करते. दोन्ही सारखे असतील तर ती गप्प बसते. फरक 30 मिलीअँपिअरपर्यंत गेला की ती पडलीच पाहिजे, कारण हरवलेला प्रवाह कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असण्याची शक्यता असते. जिन्यातला दिवा लागला की त्याचा प्रवाह वरच्या आरसीसीबीतून जायचा आणि खालच्या न्यूट्रलनं परत यायचा. साध्या दिव्यालाही 30 मिलीअँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. म्हणजे यंत्र अगदी बरोबर काम करत होतं. चूक जोडणीत होती, आणि ती सांगणारी एकमेव वस्तू डीबीतून निघून गेली होती.

पुढे आणखी दोन गोष्टी सापडल्या. स्वयंपाकघरातल्या सॉकेटला 1.5 चौरस मिलिमीटरची तार होती आणि तिच्यावर 32 अँपिअरची एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. आधी 16 अँपिअरची होती, पण इंडक्शन शेगडी आणि गिझर एकाच वेळी चालू केले की ती पडायची, म्हणून मोठी बसवली. दोन-दोन किलोवॅटची ही दोन उपकरणं मिळून 17-18 अँपिअर घेतात. तार न बदलता एमसीबी मोठी केली की एमसीबी पडण्याआधी तार तापते, भिंतीच्या आत, कुणाला न दिसता. दुसरी गोष्ट अर्थिंगची. हिरवी तार प्रत्येक बोर्डापर्यंत व्यवस्थित नेलेली होती, पण डीबीतून पुढे अर्थपिटला, म्हणजे जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्याला, जोडलेलीच नव्हती. तिसरी पिन सगळीकडे होती आणि कुठंच नव्हती.

रिपोर्ट मी दिला नाही. मामा चिडले. भाच्याकडे तर प्रमाणपत्र आहे, सरकारमान्य, असं म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढली. त्या फाइलमध्ये जाहिरातीचं पत्रक, प्रवेश-अर्जाची प्रत, पावत्या आणि प्रमाणपत्र असं सगळं होतं. मुलानं कागद जपून ठेवले होते म्हणूनच पुढचं काही शक्य झालं.

मुलगा तिथे का गेला

याचं उत्तर ‘भोळा होता’ असं देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. दहावीनंतर त्यानं आयटीआयचा अर्ज भरला होता. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या गुणांवर, केंद्रीय पद्धतीनं होतात आणि वीजतंत्री हा सगळ्यात जास्त मागणी असलेल्या ट्रेडपैकी एक आहे. त्याचा नंबर लागला नाही. तारतंत्री, म्हणजे वायरमनचा ट्रेड, आठवी पासवरही मिळतो आणि त्याची गुणवत्ता यादी बहुधा खाली उतरते. पण अर्जात त्यानं तो पर्याय भरलाच नव्हता. कुणी सांगितलं नाही. मग बारावी केली, कशीबशी. वडील दुसऱ्याच्या रानात राबतात, घरात धाकटी बहीण शिकते आहे. अशा घरात दोन वर्षांचा कोर्स आणि तीन महिन्यांचा कोर्स यांत निवड करायची वेळ आली, तर हिशेब कुठं झुकणार? वडिलांनी चाळीस हजारांच्या घरातली फी दोन हप्त्यांत भरली, पहिला हप्ता उसनवारीनं. मुलाला लवकर कमवायला लावायचं, हा त्यांचा विचार चुकीचा नव्हता. त्यांच्यासमोर ठेवलेली माहिती चुकीची होती.

पत्रकातली एकेक ओळ

पत्रकावर सगळ्यात वर होतं ‘भारत सरकार नोंदणीकृत’. त्यामागे तीन कागद होते. पहिला, संस्था चालवणारा ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला. दुसरा, उद्यम नोंदणी, जी 1 जुलै 2020 पासून सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांना आधार क्रमांकावर, स्वतःच माहिती भरून, ऑनलाइन मिळते. तिसरा, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा स्वयंसेवी संस्थांचा क्रमांक. तिन्ही खरे. या तिन्हींपैकी एकही कार्यालय वर्गात काय शिकवलं जातं, शिकवणारा कोण आहे, वर्कशॉपमध्ये मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आहे की नाही, हे बघत नाही. ते त्यांचं कामच नाही. ट्रस्ट अस्तित्वात आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. किराणा दुकानाचीही उद्यम नोंदणी होते. त्यावरून तिथल्या गव्हाची प्रत ठरत नाही.

दुसरी ओळ ‘आयएसओ 9001 प्रमाणित’. हे मानक व्यवस्थापन पद्धतीचं आहे: नोंदी कशा ठेवता, तक्रारी कशा हाताळता, कामाची पद्धत लिहून ठेवली आहे का. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही, ते काम वेगवेगळ्या प्रमाणन कंपन्या करतात. विद्यार्थ्याच्या कौशल्याबद्दल या मानकात काही नाही.

तिसरी ओळ जास्त चलाख होती: ‘एनएसक्यूएफ आधारित अभ्यासक्रम’. राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट, म्हणजेच एनएसक्यूएफ, 27 डिसेंबर 2013 ला अधिसूचित झाली. त्या चौकटीत एखादी अर्हता बसायची असेल तर तिला राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीव्हीईटीची, मान्यता लागते आणि प्रमाणपत्र देणारी संस्थाही तिनं मान्य केलेली असावी लागते. ही परिषद 2018 च्या अधिसूचनेनं स्थापन झाली आणि जुन्या राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचं, म्हणजे एनसीव्हीटीचं, नियमनाचं काम तिच्याकडे आलं. ‘आधारित’ या शब्दाला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. अभ्यासक्रम इंटरनेटवर सगळ्यांना उघडा आहे. तो छापून घेतला की कोर्स ‘आधारित’ झाला. प्रमाणपत्रावर अर्हतेचा कोड नव्हता, मान्य संस्थेचं नाव नव्हतं. क्यूआर कोड होता, पण तो स्कॅन केल्यावर उघडायची ती त्याच संस्थेची वेबसाइट, आणि तिथे ‘प्रमाणपत्र वैध आहे’ असं हिरव्या अक्षरांत यायचं. मुलाला हे सरकारी पडताळणीसारखं वाटलं, आणि तसं वाटावं अशीच त्या पानाची मांडणी होती.

मग फोटो. कोर्स करून नोकरीला लागलेले म्हणून आठ-दहा तरुणांचे फोटो पत्रकावर होते. त्यातला एक मुलाच्या ओळखीचा निघाला. तो आयटीआय पास होता आणि त्याच जोरावर कंपनीत लागला होता. या संस्थेत तो नंतर थोड्या दिवसांचा पॅनेल वायरिंगचा वर्ग करायला गेला होता. पत्रकात यातलं काही नव्हतं.

‘वायरमन लायसनसाठी मार्गदर्शन’ आणि ‘महावितरण, रेल्वे, मेट्रोत संधी’ या दोन ओळींनी वडिलांचा निर्णय पक्का केला. आणि ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ या ओळीनं पैसे काढले. या हमीचा अर्थ प्रत्यक्षात एका कामगार पुरवठादाराचा फोन नंबर एवढाच निघाला.

सुटी सुटी बघितली तर यातली बहुतेक वाक्यं ‘आम्ही खोटं कुठं बोललो’ असं म्हणून निभावून नेता येतात. खोटेपणा त्यांच्या सांगडीत आहे. एखादी संस्था नोंदलेली आहे का, तिच्या कोर्सला मान्यता आहे का, आणि त्या कोर्सवर काम करायचा परवाना मिळतो का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरं देणारी कार्यालयं वेगळी आहेत. पत्रकानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या अक्षरांत दिलं आणि उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं वाचणाऱ्यानं स्वतःच होकारार्थी धरावीत अशी सोय केली.

कायदा काय मागतो

भारतीय वीज नियम, 1956 मधल्या नियम 45 पासून ही तरतूद चालत आली. 2003 च्या वीज कायद्यानंतर ती केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत गेली, आधी 2010 च्या आणि आता 2023 च्या. गाभा तोच आहे: ग्राहकाच्या जागेतली वायरिंग, त्यातली वाढ, बदल किंवा दुरुस्ती राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानंच करायची, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडेही परमिट हवं. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण आहे त्याच क्षमतेचं बदलणं, एवढीच कामं यातून वगळली आहेत. महाराष्ट्रात परमिट देण्याचं काम राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेतल्या अनुज्ञापक मंडळाचं आहे. तिथे आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र चालतं, किंवा परवानाधारक कंत्राटदाराकडचा अनुभव दाखवून मंडळाची परीक्षा देता येते. खासगी संस्थेचा तीन महिन्यांचा कागद या दोन्हींत कुठंच बसत नाही. महावितरणच्या विद्युत सहायक पदाच्या जाहिरातींतही दहावीबरोबर वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडचं आयटीआय प्रमाणपत्र, किंवा राज्याच्या व्यवसाय शिक्षण मंडळाची दोन वर्षांची पदविका मागितलेली असते. मुलानं अर्ज भरायला घेतला तेव्हा अर्हतेच्या यादीत त्याच्या कोर्सचं नावच सापडेना. त्यानं संस्थेला फोन केला. ‘इतर’मध्ये टाक, असं उत्तर मिळालं. ‘इतर’ असा पर्यायच नव्हता.

गावोगाव विनापरवाना वायरिंग चालतं, हे मला ठाऊक आहे. संस्थेचा माणूसही पुढे हेच म्हणाला: लायसनवाचून कुणाचं अडलंय, काम तर मिळतंच. हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त टोचला. काम मिळतं हे खरं आहे, आणि म्हणूनच या मुलाला मामाचं घर मिळालं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात वीजधक्क्यानं जाणाऱ्यांचा आकडा अलीकडे वर्षाला बारा हजारांच्या वर दिसतो. आरसीसीबी काढून टाकलेली आणि अर्थ न जोडलेली घरं त्या आकड्याला रोज नवी संधी देत असतात.

वर्गात काय शिकवलं गेलं

मुलाशी निवांत बोलल्यावर समजलं की शिकवणं अगदीच टाकाऊ नव्हतं, आणि हे नमूद करणं मला गरजेचं वाटतं. प्लायवूडच्या फळीवर बोर्ड बांधणं, जिन्याचा टू-वे, होस्टेल वायरिंग, ट्यूब आणि पंख्याची जोडणी, स्टार-डेल्टा स्टार्टरची आकृती हे त्याला चांगलं येत होतं. हात स्वच्छ होता. पण सगळं फळीवर. तपासणी अशी त्यानं कधी केलीच नव्हती. 500 व्होल्टचा मेगर त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा हातात घेतला. तारेच्या इन्सुलेशनचा रोध एक मेगाओहमच्या खाली असेल तर मेन चालू करायचा नाही, हे त्याला माहीत नव्हतं. अर्थिंगचा तक्ता त्यानं वहीत उतरवला होता. अर्थपिटचा रोध मोजताना कुणाला बघितलं नव्हतं. तारेची जाडी आणि एमसीबीचा आकडा यांचं नातं परीक्षेत विचारलं नाही, म्हणून शिकवलं नाही. परीक्षा म्हणजे वीस गुणांची तोंडी आणि फळीवरचं एक प्रात्यक्षिक, आणि बॅचमधलं कुणीही नापास झालं नाही.

दिवा लागला म्हणजे काम झालं, हे त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. वायरिंगमधल्या बहुतेक जीवघेण्या चुका दिवा लागत असतानाच होतात. दोन वर्षांच्या ट्रेडमध्येही सगळीकडे उत्तम शिकवतात असा माझा दावा नाही, मी तिथून आलेली कच्ची मुलंही बघितली आहेत. पण तिथे शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते, आणि ती परीक्षा घेणारं खातं आणि फी घेणारा गल्ला एकच नसतो.

संस्थेचं उत्तर आणि कायद्याची वाट

वडील आणि मुलगा आधी स्वतः जाऊन भेटले. तिथे त्यांना प्रवेश-अर्जाच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं दाखवण्यात आली: हा कोर्स स्वयंरोजगारासाठी आहे, संस्था कोणत्याही मंडळाशी संलग्न नाही, भरलेली रक्कम परत मिळणार नाही. खाली मुलाची सही. पावत्याही नीट बघितल्यावर वेगळंच निघालं. पहिल्या हप्त्याची पावती ‘प्रशिक्षण शुल्क’ म्हणून होती, दुसरी ट्रस्टला ‘देणगी’ म्हणून.

वकिलामार्फत नोटीस दिली, तेव्हा संस्थेच्या वकिलानं मुद्दा काढला की शिक्षण ही ग्राहक कायद्याखाली येणारी ‘सेवा’ नाही. हा मुद्दा हवेतला नाही. महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये विद्यापीठाच्या बाजूनं तसा निकाल दिलेला आहे. पण राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठानं 20 जानेवारी 2020 च्या निकालात शैक्षणिक संस्थांना बाहेर ठेवतानाच शिकवणी वर्ग वेगळे काढले: ते नियमित शिक्षण देणाऱ्या संस्थांत मोडत नाहीत आणि त्यांच्या सेवेतल्या त्रुटींची तक्रार ग्राहक आयोगाकडे चालते. शिवाय शैक्षणिक संस्था म्हणून सवलत मागायची आणि आपल्याच अर्जात कोणत्याही मंडळाशी संलग्न नाही असं छापायचं, हे एकमेकांशी जुळत नव्हतं. आमच्या वकिलांनी उत्तरात तेवढंच एक वाक्य ठळक केलं.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 इथे आणखी दोन ठिकाणी कामाला आला. एक म्हणजे, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. शहरातल्या संस्थेसाठी शहरात हेलपाटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची. दुसरं म्हणजे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या या कायद्यात स्पष्ट आहे, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणंही तिच्यात येतं. जुलै 2020 मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. नोव्हेंबर 2024 मध्ये याच प्राधिकरणानं शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोकरीची किंवा निवडीची हमी देणं, यशस्वी विद्यार्थ्यानं कोणता कोर्स केला ते लपवून त्याचा फोटो वापरणं, महत्त्वाच्या अटी बारीक अक्षरांत टाकणं, हे सगळं त्यात नावानिशी मना केलं आहे. पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या वर्गांना ती लागू होतात. पत्रकावर संस्थेनंच ‘हजारो विद्यार्थी’ लिहिलं असल्यानं तो प्रश्न उरला नाही.

नोटिशीबरोबर पत्रकाची प्रत, फोटोतल्या त्या तरुणाचं लेखी निवेदन, दोन्ही पावत्या आणि प्रवेशाच्या वेळचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जोडले. त्या मेसेजमध्ये ‘लायसन निघेल ना?’ या वडिलांच्या प्रश्नाला ‘हो निघेल, टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर होतं. माझ्या मते सगळ्या कागदांत वजन या एका मेसेजचं होतं, कारण तिथे संस्थेला ‘आधारित’ किंवा ‘मार्गदर्शन’ या शब्दांच्या आड जाता येत नव्हतं.

आयोगात तक्रार दाखल व्हायच्या आधीच संस्था तडजोडीला आली. फीचा मोठा हिस्सा परत मिळाला. बदल्यात मुलानं यापुढे संस्थेविरुद्ध कुठंही काही बोलायचं नाही, असं लिहून घेतलं. वडिलांनी सही केली. त्यांना दोष द्यायला मी तयार नाही, उसने पैसे फेडायचे होते. पण अशा प्रकरणांचा शेवट बहुधा असाच होतो आणि त्यामुळे पुढची बॅच पुन्हा तेच पत्रक वाचते. जो बोलू शकतो त्याला पैसे देऊन गप्प केलं जातं, आणि ज्याला आपण फसलो हे कळलेलंच नाही तो आनंदानं मित्राला घेऊन येतो. तडजोडीच्या त्या कागदावर माझी सही नव्हती. पत्रक आणि माझी तपासणीची टिपणं जोडून मी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तक्रार त्यांच्याकडेही देता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यानंतर पत्रकातली ‘हमी’ गेली आणि तिथे ‘सहाय्य’ आलं. ‘भारत सरकार नोंदणीकृत’ अजून आहे.

थोड्या दिवसांचे कोर्स सगळेच वाईट का?

आमच्या कंत्राटदारांच्या बैठकीत हे प्रकरण सांगितल्यावर बऱ्याच जणांचं मत पडलं की असे छोटे कोर्स बंदच करावेत. मला ते पटत नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतले सहायक इलेक्ट्रिशियनचे कोर्सही काही महिन्यांचेच असतात, आणि ते स्वतःला सहायक म्हणवतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर अर्हतेचा कोड असतो, परीक्षा वेगळी संस्था घेते, आणि पडताळणी सरकारी पोर्टलवर होते. त्यावरही वायरमनचं परमिट मिळत नाही, पण साइटवर मदतनीस म्हणून उभं राहायला तेवढं पुरतं. पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाला सौर पॅनेल किंवा ऑटोमेशन शिकायला दोन आठवड्यांचा वर्ग उत्तमच. वाईट असतो तो सहायकाचा अभ्यासक्रम वायरमनच्या नावानं विकणं. या संस्थेनं आपल्या पत्रकावर ‘तीन महिन्यांत घरगुती वायरिंगची तोंडओळख, यावर परमिट मिळत नाही’ एवढं छापलं असतं, तर माझी काही तक्रार नसती. फी मात्र एवढी घेता आली नसती.

आता

मामांच्या घराची वायरिंग मुलानंच पुन्हा केली, माझ्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली. जिन्यातला न्यूट्रल वेगळा ओढला, गिझरला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी दिली, अर्थपिट खणून हिरवी तार तिथपर्यंत नेली. काढून टाकलेल्या दोन आरसीसीबी दुकानदारानं परत घेतल्या नव्हत्या. तपासल्यावर दोन्ही उत्तम निघाल्या, त्यातलीच एक बसवली. मग मी टेस्ट रिपोर्ट दिला. पुढच्या फेरीत मुलानं आयटीआयच्या अर्जात तारतंत्रीचा पर्याय पहिला भरला आणि शासकीय आयटीआयमध्ये त्याला जागा मिळाली. सुट्टीच्या दिवशी तो माझ्याकडे कामाला येतो.

त्याच्या बॅचमधल्या काही मुलांचे आता फोन येतात. त्यांना मी एवढंच सांगतो की पत्रक, पावती, प्रवेश-अर्ज आणि मेसेज यातलं काहीही फेकू नका, फोन बदलणार असाल तर मेसेजची प्रत आधी काढून ठेवा, आणि कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. त्यांच्यातला एक जण कोर्स संपल्यावर लगेच परगावी कामाला गेला आणि त्याची दोन वर्षांची मुदत सगळ्यात आधी संपते आहे. त्यामुळे पहिला अर्ज त्याचा भरायला घेतला आहे.